तिघांची बुडी

इशबेलने गाडीचं मागचं दार उघडलं आणि वाऱ्याने ते तिच्या हातातून हिसकावून असं आपटलं की शेजारच्या घरातला दिवा लागला. मार्चमधला रविवार, अजून धड उजाडलंही नव्हतं. सिलिंडर, शिशाचे पट्टे, ओल्या सामानाच्या पेट्या, सगळं तिने एकटीने भरलं. बाकीचे तिघे आपापल्या घरी आरामात चहा पीत असणार याची तिला खात्री होती, आणि तो विचार तिने मुद्दाम डोक्यात ठेवला, कारण त्या रागावर पेट्या जरा हलक्या लागत होत्या.

आदल्या रात्री दोन निरोप आले होते. रुआरीने विचारलं होतं, शोना येणार आहे का. शोनाने विचारलं होतं, तो येणार आहे का. इशबेलने दोघांनाही एकच उत्तर पाठवलं, की मला काय माहीत, एकमेकांना विचारा. त्यावर दोघांनी लगोलग कळवलं, की कोणी येवो न येवो, मी येणारच.

ही चौकडी जुनी होती. ग्लासगोच्या एका तरणतलावात, सिलिंडर पाठीला बांधून पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा याच्या वर्गात ते चौघे एकमेकांना भेटले, तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पश्चिमेच्या कुठल्या तरी खाडीत बुडी मारायची हा त्यांचा नेम. इशबेल घरोघरी बॉयलर दुरुस्त करायची. डूगल शाळेत गणित शिकवायचा आणि स्वतःचं सामान मोजायला मात्र हमखास चुकायचा. शोना लोकांच्या आखडलेल्या पाठी आणि गुडघे सरळ करायची. रुआरी सुतार. शोना आणि रुआरी त्याच वर्गात एकमेकांच्या प्रेमात पडले, लग्न झालं, संसार झाला, आणि गेल्या शरद ऋतूत दोघे वेगळे झाले. भानगड कसलीच नव्हती. एकमेकांचा वीट आला होता, एवढंच. तो एका दुकानाच्या वरच्या खोल्यांत राहायला गेला, कुत्रा तिच्याकडे राहिला.

घर, भांडी, कुत्रा, सगळ्याचं वाटप झालं, मित्रांचं होईना. हिवाळाभर दोघे आळीपाळीने यायचे आणि कोणाची पाळी हे इशबेलने लक्षात ठेवायचं. फेब्रुवारीची बुडी वादळामुळे रद्द झाली, तेव्हा ती पाळी कोणाची वाया गेली यावर वाद झाला. वाद म्हणजे, दोघांनी वेगवेगळा फोन करून इशबेलचं डोकं खाल्लं. एकमेकांशी ते बोलत नव्हते.

गाडीत शोना पुढे बसली, रुआरी तिच्या बरोबर मागे. डूगल त्याच्या शेजारी, मांडीवर सॉसेज घातलेल्या पावांची पिशवी.

"इशबेल, मागच्यांना सांग काच वर करायला," शोना म्हणाली. "मान धरली माझी."

"इशबेल, पुढच्यांना सांग," रुआरी म्हणाला, "की पावांच्या वासाने कोणाला मळमळू नये म्हणून काच खाली आहे. गाडी लागते कोणाला ते सगळ्यांना माहीत आहे."

इशबेलने कोणालाच काही सांगितलं नाही. डूगलने घास गिळला आणि काच निम्मी वर केली, त्यामुळे दोघेही नाराज झाले.

घाट चढताना वारा गाडीला बाजूने ढकलत होता. स्टिअरिंग घट्ट धरून इशबेलची बोटं दुखायला लागली. घाटमाथा ओलांडून फाइनच्या खाडीकडे उतरायला लागले तोच ठरवलेल्या होडीवाल्याचा फोन आला. असल्या वाऱ्यात होडी धक्क्यावरून सोडणार नाही, म्हणाला; हवामान काल रात्रीच बिघडलं होतं. मग काल रात्रीच का नाही कळवलंस, असं इशबेलने विचारलं, तर म्हणाला, तुम्ही लोक येणार नाही असंच वाटलं होतं मला, शहाणा माणूस कशाला येईल.

इशबेलला मनातून सुटल्यासारखं झालं. तिने गाडी कडेला घेतली आणि सांगितलं, की आजचं रद्द, इनवरारेला जाऊन गरम काही तरी खाऊ आणि परत फिरू. डूगलला ते लगेच पटलं. पण रुआरी म्हणाला, इतक्या लांब आलोय तर किनाऱ्यावरून उतरू की. आणि शोना, जिने ऑक्टोबरपासून त्याच्या एकाही शब्दाला होकार दिला नव्हता, ती काचेतून बाहेर बघत म्हणाली, की किनाऱ्यावरून उतरायला हरकत नाही. त्याच्या आधी माघार घेतली असं दिसायला नको, एवढंच त्यामागे होतं, हे इशबेलला लख्ख दिसत होतं.

मग जागा शोधणं सुरू झालं. नैर्ऋत्येचा वारा फाइनच्या खाडीत शिरला की तिच्या तोंडापासून टोकापर्यंत सरळ वाहतो, त्याला अडवायला काही नसतं. पहिल्या जागी लाटा गाडीतळाच्या दगडांवर फुटत होत्या. दुसऱ्या जागी पाणी जरा बरं होतं, पण उतरायची पायवाट पडलेल्या झाडाखाली गेली होती. रुआरीचं म्हणणं, झाड ओलांडता येईल. शोना म्हणाली, इशबेल, ज्याच्या गुडघ्याला मी वर्षानुवर्षं पट्ट्या बांधल्या त्याने झाडं ओलांडायच्या गोष्टी करू नयेत. हे बोलणं वाऱ्यात उडून जाईल असं इशबेलला वाटलं होतं, पण गेलं नाही.

तिसऱ्या जागी, एका खडकाळ टोकाच्या आडोशाला, खरंच शांत पाणी सापडलं. टोकापलीकडे पांढऱ्या फेसाळ लाटा घोड्यांसारख्या धावत होत्या आणि इथे आत नुसत्या सुरकुत्या. आता नाही म्हणायला इशबेलकडे कारण उरलं नाही.

जोड्या तिने आधीच ठरवल्या होत्या: रुआरी तिच्याबरोबर, शोना डूगलबरोबर, दोन जोड्या दोन दिशांना. डूगल डोक्याचं रबरी टोपरं घरी विसरला होता. सात अंशाच्या पाण्यात टोपऱ्याशिवाय उतरलं तर कपाळात खिळे ठोकल्यासारखं दुखतं, म्हणून इशबेलने आपलं जादा टोपरं दिलं. ते त्याला इतकं घट्ट बसलं की गाल पुढे येऊन ओठ चंबूसारखे झाले. त्या अवतारात तो वाऱ्याकडे पाठ करून, एका पायावर उड्या मारत, आत पाणी न येऊ देणाऱ्या कोरड्या सूटमध्ये शिरायला लागला. डोकं बाहेर काढताना त्याने सूटची मान नेहमीप्रमाणे दांडगाईने ओढली आणि गळ्याचं पातळ रबर टरकन हनुवटीपासून खांद्यापर्यंत फाटलं.

सगळे बघत राहिले. मान फाटली की सूटमध्ये पाणी शिरणार. डूगलची बुडी संपली होती. तो मात्र फार दुःखी दिसला नाही. किनाऱ्यावर थांबून तुमच्यावर नजर ठेवतो, म्हणाला, आणि सूपची थर्मास कुठे आहे ते विचारलं.

राहिले तिघे.

"तू त्याच्याबरोबर जा," शोना म्हणाली. "मी गाडीत बसते."

"नको," रुआरी इशबेलला म्हणाला. "तिला घेऊन जा. मी बसतो. मला काय, सवय आहे."

"कसली सवय? इशबेल, विचार त्याला, कसली सवय?"

इशबेल अंगावर सूट, पाठीवर सिलिंडर, कमरेला शिसं अशी उभी होती, आणि त्या सगळ्या वजनाखाली वाकून ती म्हणाली, की तिघे जाऊ, मी मधे राहीन, आणि पाण्यात शिरेपर्यंत यापुढे जो बोलेल त्याच्या सिलिंडरमधली हवा मी सोडून देईन.

पाण्यात डोकं बुडालं आणि वारा बंद झाला. सकाळपासून पहिल्यांदाच कोणी काही बोलत नव्हतं, बोलूच शकत नव्हतं. इशबेलचा आखडलेला जबडा हळूहळू सैल झाला. हिरवं पाणी, मग गडद हिरवं, मग टॉर्चच्या उजेडापुरतंच. ते उतारावरून अलगद खाली गेले. चिखलातल्या बिळांच्या दारात नारिंगी शेवंड बसले होते, टॉर्चचा झोत पडला की मागच्या मागे आत सरकायचे. इशबेल मधे, उजवीकडे रुआरी आपला कॅमेरा घेऊन, डावीकडे शोना. दोघांच्या टॉर्चचे झोत एकमेकांवर पडणार नाहीत याची दोघे काळजी घेत होते, आणि इशबेलला ते पोरकट वाटून त्याचीही चीड आली.

वीसेक मीटरवर रुआरीला हवं ते सापडलं. चिखलातून वर आलेलं एक मोठं समुद्रफूल, लांब बारीक पांढरे धागे चहूकडे पसरलेले, पेटत्या फुलबाजीसारखं. तो पोटावर आडवा होऊन फोटो काढायला लागला. त्याच्या पायांतल्या फिन्सनी चिखल उडाला आणि शोना त्या ढगात सापडली. ढगातून तिचा हात बाहेर आला. पाणबुड्यांच्या खुणांमध्ये नसलेली एक खूण त्या हाताने केली. इशबेलने दोघांच्या मधे हात पसरले, पोलीस वाहनं थांबवतो तसे, आणि एक खोल श्वास घेतला.

सिलिंडरमधली हवा तोंडात देणाऱ्या रेग्युलेटरने तो श्वास दिला आणि मग देणं थांबवलंच नाही. थंडीने आतली झडप गोठून उघडीच राहिली होती. हवा भसाभस बाहेर यायला लागली, तोंडातून, गालांवरून, मुखवट्यावरून, बुडबुड्यांचा असा गदारोळ झाला की तिला स्वतःचे हातही दिसेनात. असं होऊ शकतं हे तिने कितीतरी नवशिक्यांना शिकवलं होतं. असं झालं की काय करायचं तेही. त्यातलं एकही तिला आठवेना. एवढंच कळत होतं, की पाठीवरचं सिलिंडर पाण्याच्या फुटक्या टाकीसारखं रिकामं होतंय.

मग रुआरीचा हात आला. त्याने तिचा खांद्यापाशीचा पट्टा धरला, तिच्या तोंडातला रेग्युलेटर काढला आणि आपला पिवळा, जादा रेग्युलेटर तोंडात दिला. त्याच वेळी मागून कोणीतरी तिच्या सिलिंडरला धरलं. शोना तिच्या पाठीवर चढून झडप बंद करत होती. बुडबुडे ओसरले. इशबेलने श्वास घेतला, खोकली, पुन्हा घेतला. बुडबुड्यांआडून दिसायला लागलं तेव्हा रुआरी समोर होता, पण तो तिच्या खांद्यावरून मागे शोनाकडे बघत होता. शोनाने अंगठा वर केला, म्हणजे वर चला. त्याने मान हलवली. दोघांनी एकमेकांच्या खुणेची वाट पाहिली नव्हती, कोण काय करणार हे विचारलं नव्हतं. त्याने पुढची बाजू घेतली, तिने मागची.

तिघे एकमेकांना धरून वर आले. पृष्ठभागाच्या जरा खाली, जिथे शरीरातून जादा वायू निघून जाण्यासाठी थांबायचं असतं तिथे, ते थांबले. इशबेलचे दात वाजत होते, थंडीने की भीतीने ते तिला सांगता आलं नसतं. शोना एका हाताने तिचा दंड चोळत होती. रुआरी घड्याळाकडे बघत होता. तेवढी काही मिनिटं इशबेलला या दोघांबद्दल इतकी माया दाटून आली, की सकाळपासूनचं सगळं तिने मनातल्या मनात माफ केलं.

मग ते पाण्याबाहेर आले.

वारा फिरला होता. आता तो थेट त्यांच्या आडोशातच घुसत होता आणि ते टोकाच्या चांगलेच बाहेर आलेले. एक लाट इशबेलच्या तोंडावर फुटली. रुआरीने तिच्या तरंगायच्या जॅकेटच्या नळीत तोंडाने हवा फुंकून ते फुगवलं, दोघांनी तिला उताणं केलं, एकेका बाजूने धरलं आणि किनाऱ्याकडे ओढायला लागले.

"झडप पूर्ण बंद केलीस ना?" रुआरी म्हणाला.

पाच महिन्यांत तो शोनाशी थेट बोललेला हा पहिला शब्द.

"मला शिकवू नकोस," शोना म्हणाली. "तुझा पाय मधे येतोय. डावीकडे हो."

"मी डावीकडेच आहे."

"तुझी डावी नाही, माझी डावी. कायम तेच. कोणीही डावीकडे म्हटलं की तुला स्वतःचीच सुचते."

इशबेल दोघांच्या मधे उताणी, वर राखाडी आभाळ, कानापाशी दोन तोंडं. काही बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं की लाट आत यायची. ते भांडत होते आणि जोरजोरात पाय मारत होते, दोन्ही एकदम. कुत्र्याला भेटायला तो आला नाही, यावरून झालं. तू बोलावलंस कधी, यावर झालं. स्वयंपाकघरातलं एक कपाट त्याने अर्धवट सोडलं होतं आणि अजून त्याला दार नव्हतं, त्यावर बराच वेळ झालं. तिच्या आईच्या वाढदिवसाला तो काय म्हणाला होता ते निघालं. इशबेलला मधेच एकदा तिचं नावही ऐकू आलं: ती बिचारी तुझे निरोप सांगून दमली, असं दोघेही एकमेकांना सांगत होते.

अर्ध्या वाटेत शोना एकदम थांबली. "तुझा कॅमेरा कुठाय?"

रुआरी पाय मारत राहिला. "खाली."

"खाली कुठे?"

"सोडला. दोन्ही हात लागत होते."

तो कॅमेरा त्याने स्वतःच्या हाताने बनवलेल्या लाकडी पेटीत ठेवायचा. सुट्टीत विमानात तो कॅमेऱ्याला खिडकीशी बसवतो आणि मला मधल्या जागेवर, अशी शोनाची जुनी तक्रार होती.

"दोरी बांधली नव्हतीस," ती म्हणाली.

"नाही."

"सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस," रुआरी म्हणाला. "बरोबर होतं तुझं."

शोना पुन्हा ओढायला लागली, आधीपेक्षा जोरात, आणि इशबेलच्या नाकात आणखी थोडा समुद्र गेला.

किनाऱ्याच्या दगडांवर त्यांनी तिला अक्षरशः ओतलं. ती गुडघ्यांवर उभी राहिली, खोकली आणि डूगल कुठे आहे ते बघायला लागली. त्याचं ठरलं होतं नजर ठेवायचं. दगडांवर तो नव्हता, त्याचं काहीच नव्हतं. वर गाडीपाशी पोहोचले तर काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या, आत डूगल मागच्या सीटवर फाटक्या सूटसकट आडवा, तोंड उघडं. शेजारी थर्मास होती. इशबेलने ती उचलून हलवली. आत डाळीच्या सूपचा एक थेंब नव्हता.

डूगल जागा झाला आणि म्हणाला, वारा फार होता बाहेर, काही दिसत नव्हतं, म्हणून आलो. कशी झाली बुडी?

तेव्हा इशबेलचा बांध फुटला. ती ओरडली नाही. ओरडायला दम नव्हता. थर्मास हातात धरून ती एका सुरात बोलत गेली.

"डूगल, तू पुढच्या वेळी टोपरं विसरलास तर घरीच राहा. आणि तुम्ही दोघे ऐका. मी आज खाली मेले असते. नाही मेले, तुमच्यामुळे नाही मेले, ते मी विसरणार नाही. पण पाच महिने मी तुमची टपालपेटी झाले आहे आणि ते आजपासून बंद. काच वर करायची असेल तर त्याला सांग. खाली ठेवायची असेल तर तिला सांग. कुत्रा, कपाट, पाळी, जे काय असेल ते, माझं नाव न घेता बोला. नाहीतर दोघेही येऊ नका, मी आणि हा बैल दोघेच येऊ."

डूगलने टोपरं काढायचा प्रयत्न केला, ते कानांवर अडकलं.

शोना इशबेलजवळ आली, तिच्या सूटची पाठीवरची चेन उघडून दिली, टॉवेल डोक्याभोवती गुंडाळला. मग मान न वळवता म्हणाली, "रुआरी, बुधवारी ये. कुत्र्याला घेऊन जा फिरायला."

"बुधवारी माझं काम आहे."

"मग गुरुवारी."

"येतो." तो शिशाचे पट्टे गाडीत टाकत होता. "कपाटाचं माप घेतो मग."

"कपाटाला कोणी हात लावायचा नाही. मी दुसरा सुतार बघितला आहे."

"कोण? तो टकल्या? तो बिजागऱ्या उलट्या लावतो."

"निदान लावतो तरी."

इशबेलने डोळे मिटून घेतले. ते एकत्र येणार नाहीत हे तिला कळत होतं, आणि यायला हवं असंही तिला वाटत नव्हतं. पण भांडण आता तिच्या डोक्यावरून जात होतं, तिच्यातून नाही.

इनवरारेला चौघांनी तळलेले मासे आणि चिप्स खाल्ले, गाडीतच, कारण बाहेर कागद हातात राहत नव्हता. डूगलने सगळ्यांचे पैसे दिले आणि सूपचा विषय निघू नये म्हणून एकटाच बोलत राहिला. खाऊन झाल्यावर इशबेलची बोटं अजून बधिर होती. चावी स्टिअरिंगखालच्या भोकात जाईना. ही गाडी तिने आजवर कोणाला चालवू दिली नव्हती. ती खाली उतरली, चावी शोनाच्या हातात ठेवली, रुआरीला पुढे बसायला सांगितलं आणि स्वतः मागे डूगलच्या शेजारी जाऊन बसली.

"घाटात वारा बाजूने येईल," ती म्हणाली. "दुसऱ्या गिअरमधेच ठेव. तिसऱ्यात अडखळते."

"अगं, येते मला गाडी चालवता."

"तिला येते," रुआरी म्हणाला. "फक्त वळणावर ब्रेक उशिरा मारते."

शोनाने आरसा सरळ केला, गाडी सुरू केली आणि विचारलं, की ब्रेक कधी मारायचा यावर भाषण किती वेळ चालणार आहे, कारण बराच वेळ असेल तर ती आधी पेट्रोल भरून घेईल. रुआरी म्हणाला, तुझ्या उजवीकडून ट्रक येतोय. ती म्हणाली, दिसतोय. तो म्हणाला, दिसत असेल तर थांब. ती थांबली. ट्रक गेला.

डूगल इशबेलच्या कानाशी वाकला. त्याच्या मऊ गणिती आवाजात त्याने विचारलं, हे दोघे ग्लासगोपर्यंत असंच करणार का.

"करू देत," इशबेल म्हणाली, आणि ओला टॉवेल तोंडावर ओढून घेतला.